दहाव्या मजल्यावरचा बर्फ

मी बर्फावरची घसरगाडी बोलतेय. राहते सिंगापूरला, बुकित पंजांगमधल्या एका फ्लॅटमध्ये, दहाव्या मजल्यावर. हसू आलं ना? इथे बारा महिने घाम येतो आणि बर्फ काय तो फ्रीजमधला. पण ऐका तर खरं.

माझा जन्म उत्तर जपानमधल्या एका बंदराच्या गावचा. एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. बसायला फळ्या, ओढायला दोर आणि बर्फावरून सरकायला खाली दोन लाकडी पट्ट्या, पुढून वर वळलेल्या. एका हिवाळ्यात त्याच्या दुकानात चारुदत्त आला. मालवाहू जहाजावरचा इंजिनिअर. मला उलटसुलट करून त्याने पाहिलं आणि खांद्यावर टाकून थेट जहाजावर नेलं.

सुट्टी लागल्यावर तो मला घेऊन घरी आला. त्याची बायको सुमित्रा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिने माझ्यावरून हात फिरवला. सात वर्षांची इशिता मात्र "थँक यू" म्हणाली आणि खोलीत निघून गेली. तिचंही काय चुकलं? बाबा म्हणजे तिला फोनमधला चेहरा. तो चेहरा मधूनच घरी येतो, सोफ्यावर बसतो आणि ओळख होते न होते तोच पुन्हा जातो.

डिसेंबरात तिघांनी बर्फ बघायला जपानला जायचं ठरलं. इशिताने साऱ्या वर्गाला सांगून टाकलं. आणि निघायच्या आठवड्यातच ती खालच्या प्लेग्राउंडमध्ये झोपाळ्यावरून पडली. पाय प्लास्टरमध्ये गेला, तिकिटं रद्द झाली. ती रडली नाही. फक्त आईला म्हणाली, "पाय बरा होईल तेव्हा बाबा शिपवर गेलेला असेल." चारुदत्त तिथेच उभा होता.

ज्या दिवशी विमानात बसायचं, त्या दिवशी सुमित्रा ड्यूटीवर गेली. घरात बापलेक दोघंच. इशिता भिंतीकडे तोंड करून पडलेली. चारुदत्त थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिला. मग त्याने एसी सोळावर आणला, कपाटातून जपानसाठी आणलेले स्वेटर काढले आणि माझ्या पट्ट्यांना आपले जुने टी-शर्ट गुंडाळले, फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून.

"चला, बर्फात जायचंय," तो म्हणाला.

"बाबा, सिंगापूरमध्ये स्नो नसतो लाह." इथली मुलं वाक्याच्या शेवटी असं "लाह" लावतातच.

"माहितीय. स्वेटर घाल."

त्याने तिला अलगद उचलून माझ्यावर बसवलं, प्लास्टरच्या पायाखाली उशी दिली आणि दोर ओढला. जन्मात पहिल्यांदाच मी सरकले, तेही फरशीवरून! हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून बेडरूम, पुन्हा हॉल. दुसऱ्या फेरीला इशिता ओरडली, "फास्टर, बाबा! कसला स्लो आहेस तू!"

मग मिक्सर सुरू झाला. बर्फाचे खडे घरघर करत भुगा होऊन परातीत पडायला लागले. मोज्यांचे गोळे करून दोघांची लढाई झाली. त्यात एक फुलदाणी कामी आली. परातीत त्यांनी वीतभर उंचीचा बर्फाचा माणूस केला, डोळ्यांना लवंगा लावल्या. तो वितळायच्या आत गाणं म्हणून संपवायचं, असा खेळ निघाला. उरलेल्या भुग्यावर कोकम सरबत ओतून दोघांनी खाल्लं.

"खरा स्नो पण असाच असतो?" इशिताने विचारलं.

"याहून मऊ. गेल्या हिवाळ्यात डेकवर इतका पडला, की आम्ही फावड्यांनी उपसत होतो. मी त्याची एक मुलगी केली. दोन वेण्यांची."

"कोण?"

"तू. पण किती उंच करायची तेच कळेना. शेवटी अंदाजाने इथपर्यंत केली." त्याने आपल्या कमरेशी हात धरला.

हे खरं आहे. मी तेव्हा डेकवर कठड्याला टेकून उभी होते. किती वेळा त्याने त्या बर्फाच्या मुलीचं डोकं काढून पुन्हा बसवलं होतं!

इशिता त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला उभी कर." त्याचा दंड धरून ती एका पायावर उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या छातीला लागलं.

"मी एवढी आहे, बाबा. नेक्स्ट टाइम एवढी कर."

चारुदत्तने तिला तसंच धरून ठेवलं. परातीतल्या माणसाचं पाणी झालं, तरी सोडलं नाही. संध्याकाळी सुमित्रा आली, तेव्हा फरशीवर सगळीकडे पाणी आणि दोघं स्वेटर घालून झोपलेले. तिने आधी एसी बंद केला, मग पोछा घेतला. रागावली नाही.

चारुदत्त जहाजावर निघाला, त्या दिवशी इशिता प्लास्टरसकट लंगडत लिफ्टपर्यंत गेली. आधी कधी ती खोलीबाहेरसुद्धा येत नसे.

आता ती बरीच उंच झालीय, माझ्यात मावत नाही. मी दाराबाहेर असते, अंगावर कढीपत्त्याची आणि तुळशीची कुंडी घेऊन. पाणी घालताना इशिता कधीकधी माझ्या दोराची सुटलेली गाठ बांधून जाते. खरा उतार मी अजून पाहिलेला नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. एवढंच सांगते, आमच्या दारावरून कधी गेलात तर कुंड्यांखाली वाकून बघा. एका पट्टीला टी-शर्टची निळी चिंधी अजून चिकटलेली आहे. ती तेवढी ओढू नका.