थोडी खरखर असू दे

"हा नॉब पिळलास की मागे बसलेल्यांना एकदा बोलायला लाव. कानात शांतता झाली म्हणजे विमानात सगळं आलबेल आहे, असं धरून चालू नकोस."

हे मला आमच्या प्रशिक्षक सरांनी सांगितलं होतं. त्यांना आम्ही त्यांच्यामागे कानसेन म्हणायचो, कारण त्यांच्या डाव्या कानाला जेमतेम ऐकू यायचं. मी "हो सर" म्हणाले आणि मनातल्या मनात हसले. तेव्हा मला मूल नव्हतं. मागची सीट म्हणजे पिशवी टाकायची जागा होती.

नॉब कुठला, ते सांगते. आमच्या चार आसनी विमानात समोर एक अरुंद पट्टी आहे. बाहेर कुठल्या रेडिओवर बोलायचं, कुणाचं ऐकायचं, हे तिच्यावरच्या बटणांनी ठरतं. आतली माणसं हेडफोन घालून एकमेकांशी बोलतात, तेही तिच्यातूनच. तिच्या टोकाला स्क्वेल्चचा नॉब. किती मोठा आवाज झाला की माइक उघडायचा, हे तो ठरवतो. उजवीकडे पिळला की इंजिनाची खरखर कानातून जाते. आणखी पिळला की हळू बोलणारी माणसंही जातात.

त्या दिवशी मी बाबांना आणि माझ्या चार वर्षांच्या चिमणीला दादाकडे घेऊन निघाले होते. सव्वा तासाचं उड्डाण. मी जात्याच काळजीखोर. दोघांना मागच्या सीटवर बसवून पट्टे दोनदा ओढून पाहिले. चिमणीचा माइक तिच्या ओठांपासून बोटभर अंतरावर आणला. उलटीच्या पिशव्या मोजल्या, फळांच्या रसाचे खोके पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवले.

"बाबा, इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलंत? जेवलात ना नीट?"

"घेतलं, जेवलो," बाबा म्हणाले. "अगं, तू विमान चालवतेस की पाळणाघर?"

मग मी चिमणीला बजावलं, "आई रेडिओवर बोलत असेल तेव्हा मध्ये बडबड करायची नाही. काही लागलं तर हळूच सांगायचं."

"कुजबुजून?"

"कुजबुजून."

शहाणी पोर. तिने मान डोलावली, तर मोठा हेडफोन कपाळावर घसरला.

चढताना इंजिन पूर्ण जोरात होतं. कानात नुसती घरघर, त्यात नियंत्रण कक्षातला माणूस एक उंची सांगतोय आणि मला दुसरीच ऐकू येतेय. मी नॉब चांगला उजवीकडे पिळला. घरघर बंद. त्याचं म्हणणं स्वच्छ कळलं, मी उत्तर दिलं, आणि थोड्याच वेळात आम्ही ढगांच्या वर आलो.

वर आल्यावर इंजिनाचा जोर कमी केला. नॉब मात्र होता तिथेच राहिला.

खाली पांढरं, वर निळं, मध्ये आम्ही. ढग इतके सपाट होते की विमान जागचं हलत नाही, ढगच कुणीतरी आपल्याखालून सावकाश ओढून घेतंय, असं वाटत होतं. आमची सावली त्यांच्यावरून सरकत होती, तिच्याभोवती रंगांचं बारीक कडं. कानात काहीच नव्हतं. मूल झाल्यापासून इतकी शांतता मी अनुभवली नव्हती. झोपेतसुद्धा माझा एक कान जागा असतो. तो कान त्या दिवशी पहिल्यांदा झोपला. हातपाय हलके झाले. आपल्याला कुणी आई म्हणत नाही, कुणी मुलगी म्हणत नाही, आपण नुसत्या आहोत, असं काहीसं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. ढगांना एक भोक पडलं आणि त्यातून खाली पाणी चमकलं. चांगलं मोठं तळं होतं. ते सरकत पंखाखाली गेलं.

बाबांनी काही विचारलं नाही.

माझ्या विमानात बाबा जितक्यांदा बसले, तितक्यांदा कुठलंही पाणी दिसलं की त्यांनी विचारलंय, "हे आपलं तळं का गं?" घराजवळचं तळं दोनशे कोस मागे राहिलं असलं तरी. मी दर वेळी वैतागते. आज वैतागायला कारणच मिळालं नाही, आणि कानसेनांचा तो शब्द आठवला. आलबेल.

मी नॉब डावीकडे फिरवला. आधी खरखर आली, वाळूवर पाणी ओढल्यासारखी. मग त्या खरखरीच्या तळातून, खूप लांबून आल्यासारखा, एक इवलासा आवाज.

"आई, आबा ओले झालेत. आई, आबा बोलत नाहीत. आई, आबा ओले झालेत."

किती वेळ म्हणत होती, देव जाणे. एकाच सुरात, अगदी कुजबुजून, मी शिकवलं होतं तसं.

मान वळवून पाहिलं. बाबांचा शर्ट घामाने चिकटला होता, डोळे अर्धवट मिटलेले. साखर उतरली होती.

"बाबा, ऐकू येतंय? मान हलवा."

हलली. थोडीशी, पण हलली.

"चिमणे, बाहेरच्या कप्प्यातला रस काढ. नळी टोच. आता आबांच्या तोंडाला लाव. बाबा, हळूहळू गिळा."

दोन्ही हात विमानाला बांधलेले, समोर तेच निळं-पांढरं स्वप्न, आणि कानात नळीतून रस ओढल्याचा आवाज. एक घोट. थांबला. दुसरा घोट. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही. नियंत्रण कक्षाला सांगून मी जवळच्या धावपट्टीकडे वळले. दुसरा खोका संपला, खाली नदीचं वळण दिसलं, आणि कानात जड जिभेने कुणीतरी विचारलं, "हे आपलं तळं का गं?"

"हो बाबा," मी म्हणाले. "आपलंच."

उलटी नको म्हणून त्यांनी अर्धंच जेवण घेतलं होतं. मला सांगितलं नाही, कारण मी काळजी करते.

"मी सांगत होते," चिमणी खाली उतरल्यावर म्हणाली. "पण हळू."

आता मी स्क्वेल्च कधीच पुरता पिळत नाही. सोबतचे वैमानिक कुरकुरतात, "अहो, केवढी खरखर." मी म्हणते, असू दे थोडी.

तुमच्याकडेही आता, हे वाचताना, छान शांत असेल. मागच्या खोलीतून दुपारपासून ज्यांचा आवाज आला नाही, त्यांच्याकडे जरा डोकावून या. दारातून नको, जवळ जाऊन बघा.