वांग्याच्या रंगाचा कांदा

छपाई ही सरस्वतीची सेवा आहे आणि यंत्र हे तिचं आसन, असं श्रीनिवासराव चिकलठाण्यातल्या आपल्या प्रेसमध्ये दर दसऱ्याला सांगत. उरलेलं वर्ष ते लग्नपत्रिका छापत.

यंदा पहिल्यांदाच मोठं रंगीत काम आलं होतं. वैजापूरच्या नानासाहेबांच्या कांदा-बियाण्याचं पत्रक. जमलं तर त्यांची सगळी छपाई कायमची इथं. बिघडलं तर नाशिक जवळच आहे, असं नानासाहेबांनी फोनवर ऐकवलंही होतं. कांद्याचा फोटो श्रीनिवासरावांनी स्वतः निवडला, गुलाबी, तुकतुकीत. कांद्यात काय विचारायचं कुणाला?

मशीनवरून पहिला ढीग उतरला आणि त्यांचं टाळकं सरकलं. कांदा वांग्यासारखा काळाजांभळा.

"अप्पाराव! ह्याला कांदा म्हणतात?"

मशीनमन अप्पाराव कन्नड गावचे, केस मशीनवरच पिकलेले. "शाई नेहमीचीच हाय, मालक."

श्रीनिवासरावांनी भिंग लावलं. बारीक ठिपके फुगून एकमेकांच्या अंगावर चढले होते. म्हणजे दाब जास्त. म्हणजे छाप उठवणाऱ्या रोळावरच्या रबरी ब्लँकेटखाली, दाब जुळवायला घातलेल्या कागदांत घोळ. त्यांनी कागदाची जाडी मोजायचा मायक्रोमीटर देव्हाऱ्यातून काढला, त्याची आजवर फक्त पूजाच झाली होती. कुंकू पुसलं. ब्लँकेट सोडवलं, तर खालून जाडजूड सोनेरी पत्रिका निघाल्या. 'चि. सौ. कां. हिमानी.'

"माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका? इथं कोंबली?"

"उरल्या व्हत्या. कागद लई चांगला. अन् तुमीच म्हणलता, छपाई ठसठशीत पायजे."

"ते पत्रिकांबद्दल म्हणालो होतो!"

"मंग कांद्याला नाय, असं तवाच सांगायचं."

"डोकं आहे का खोकं? लेकीच्या नावावर ब्लँकेट ताणतोस?"

"अरे-तुरे नाय करायचं, मालक. लेक पुण्यात मजेत हाय, तिला काय बी झालं नाय."

"चालता हो!"

"चाललो. आता मशीन त्या मायक्रोमीटरकडूनच चालवून घ्या. पूजा त्याचीच करता ना." अप्पारावांनी हात पुसले, फडकं मशीनवर आपटलं आणि कन्नडची जीप धरली.

श्रीनिवासरावांनी शिव्या देत एकेक कागद मोजला, ब्लँकेट पुन्हा चढवलं, मशीन स्वतः चालवलं. कांदा असा उतरला की बुक्कीनं फोडून भाकरीबरोबर खावा. राग मात्र उतरेना.

नानासाहेब आले. श्रीनिवासरावांनी त्यांच्या डोळ्याला जबरदस्तीनं भिंग लावलं.

"ठिपका बघा, ठिपका! कुठं फुगलाय का?"

"रंग एकदम झकास, साहेब. पर ह्यो कांदा आपला नाय."

"म्हणजे?"

"आपलं बी पांढऱ्या कांद्याचं हाय."

"मग आधी सांगायचं नाही?"

नानासाहेबांनी पत्रकावर बोट ठेवलं. पहिल्याच ओळीत तसं छापलेलं होतं. ठसठशीत.