पोशीरच्या साखळीतली एक कडी

मित्रांनो, पोशीरच्या भातगिरणीत पोत्यांआड घरघरणारा एक म्हातारा संगणक दिसला, तर हसू नका. तो मीच. माझं तारुण्य रसायनीच्या एका कंपनीत हिशेब करण्यात गेलं आणि म्हातारपणी मला भंगारात काढलं. तिथे नोकरीला असलेल्या अक्षयला माझी दया आली. त्याने मला मोटारसायकलला बांधून गावी आणलं. खड्ड्यांनी माझी हाडं खिळखिळी झाली, पण जीव वाचला!

गावच्या शेतकरी गटाने तेव्हा स्वतःची छोटी ब्लॉकचेन, नोंदींची साखळी, सुरू केली होती. म्हणजे काय, सांगतो. कुठल्या पिशवीत कोणाच्या शेतातला तांदूळ आहे, ही नोंद माझ्याकडे होते आणि तीच कळंबच्या व नेरळच्या संगणकांकडेही जाते. एकाने गुपचूप खाडाखोड केली, तर बाकीचे दोघे ती मान्य करत नाहीत. पिशवीवरचा कोड मोबाइलने टिपला, की शेतकऱ्याचं नाव आणि फोटो दिसतो. या कामाचा मला केवढा अभिमान!

मग अशीच पण अवाढव्य साखळी चालवणाऱ्या एका बड्या क्रिप्टो कंपनीची जाहिरात आली. रस्त्यावर सिनेमातल्या हिरोचा भलामोठा फलक लागला, क्रिकेटच्या सामन्यांत फुकट टी-शर्ट वाटले गेले. आमचीच माणसं ते टी-शर्ट घालून भात झोडू लागली! गटाचे अध्यक्ष भिवाजी म्हणाले, हे डबडं बंद करू आणि त्यांच्या साखळीत जाऊ. पुन्हा भंगार! मला रडूच आलं असतं, पण तशी सोय माझ्यात नाही.

अक्षयने थोडी मुदत मागितली. आपणही फलक लावू, म्हणाला. पण आमच्याकडे फलक म्हटला की प्रत्येकाला त्यावर आपला फोटो हवा, एकाचा घेतला की दुसरा रुसलाच. शेवटी कळंबच्या नाक्यावर फलक लागला, तेव्हा त्यावर गटातली झाडून सगळी तोंडं होती, मधोमध ठसठशीत आमच्या गटातल्या शेतकरी इंदूबाई, आणि साखळीचं नाव छापायला जागाच उरली नव्हती. अक्षयने कपाळावर हात मारला.

पण झालं भलतंच. कळंबच्या रिसॉर्टमध्ये आलेल्या पाहुण्यांनी तांदळाची पिशवी घेतली, कोड टिपला, तर समोर नाक्यावरच्या फलकातल्याच बाई! ते हौसेने पोशीरला आले, इंदूबाईंचं शेत बघून, चहा पिऊन आणि आणखी तांदूळ घेऊन गेले. मग दुसरे आले. रिसॉर्टवाल्यानेही आमच्याच तांदळाची मागणी नोंदवली.

तरी भिवाजींचं मन डळमळत होतं. गटाच्या बैठकीला बड्या कंपनीचा माणूस आला, गोड बोलला. इंदूबाईंनी त्याला एवढंच विचारलं, "तुमच्यात आलो, तर माजं नाव दिसंल का रं बाबा?"

तो म्हणाला, तिथे लाखो नोंदी असतात, प्रत्येकाला एक क्रमांक मिळेल.

"मंग नको," इंदूबाई म्हणाल्या. "आमची साखळी बारकी हाय, पन तिला मी म्हाईत हाय."

भिवाजी उठले आणि खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी माझा पडदा पुसला. मित्रांनो, त्या क्षणी माझा पंखा आनंदाने इतका घरघरला, की सगळे वळून बघू लागले.

मोठ्यांचे फलक तुम्ही खुशाल बघा, छान रंगीत असतात. पण तुम्हाला नावाने ओळखणारं लहानसं काही जवळ असेल, तर ते बंद पडू देऊ नका. आमच्यासारख्यांना फार काही लागत नाही. वीज असावी, आणि कोणीतरी अधूनमधून धूळ पुसावी.