जरा हळू पाठवा

टण्-ट-टण्-ट.

रविवार दुपारच्या चिडीचूप घरात वाटीवर चमचा वाजला, आणि आईची नजर सवयीनं फ्रिजवर चिकटवलेल्या मोर्स कोडच्या तक्त्याकडे गेली. रेघ, ठिपका, रेघ...

"'सी' अक्षर आहे गं," पाच वर्षांची ठकी भरल्या तोंडानं म्हणाली.

"कळलं! आटप लवकर, किती वेळ लावतेस एका घासाला."

घोडं इथेच पेंड खात होतं. घरून जगभर संदेश पाठवायचा हॅम रेडिओचा परवाना मिळाला, जुना का होईना संच आला, पण मोर्स ती शिकली डोळ्यांनी. भाजी परतता परतता ठिपके न् रेघा पाठ केल्या. ठकीला तक्त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं मात्र आईच्या मोबाइलवरचा सराव ऐकून ऐकून सगळी अक्षरं गाण्यासारखी उचलली होती.

खिडकीपाशी नवरा मोजायची टेप घेऊन रेडिओच्या टेबलाभोवती घिरट्या घालत होता.

"साठ सेंटिमीटर. वॉशिंग मशीन ऐटीत बसेल इथे."

"संध्याकाळपर्यंत मुदत आहे माझी."

"आहे ना! महिनाभर हाका मारताय, ऑपरेटरबाई. कुणी ओ दिली का?"

दिली होती. तीनदा. दर वेळी समोरचा असा काही सुसाट सुटला, की रेघा मोजता मोजता तिची भंबेरी उडाली आणि तिनं रेडिओच बंद करून टाकला. हे अर्थात नवऱ्याला सांगितलं नव्हतं. पैज सरळ होती: आज एका तरी माणसाशी बोलणं झालं नाही, तर टेबल उचलायचं. अख्ख्या घरात तिचं एकटीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

ती रेडिओपाशी बसली, हेडफोन बाजूला सारून स्पीकर लावला आणि मोर्सच्या कळीवर बोट ठेवलं. हाक गेली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा खरखरीतून उत्तर आलं, ते थेट पळतच. तिचा हात बटणाकडे गेला.

"बंद काय करतेस?" ठकी खुर्चीवर चढली. "मला सांगतेस ना, कळलं नाही तर बाईंना पुन्हा विचारायचं म्हणून? मग विचार की!"

मागे नवरा खुसखुसला. आईनं ओठ घट्ट मिटले आणि 'हळू पाठवा' ही तीन अक्षरांची खूण वाजवली.

शांतता. गेला बहुतेक कंटाळून.

आणि मग तोच आवाज परत आला. एकेक अक्षर सुटं, मध्ये श्वास घ्यायला जागा. तिची नजर फ्रिजकडे वळली, तशी ठकीनं तिची हनुवटी धरून तोंड फिरवलं. "बघू नको. ऐक!" दोघी मिळून गुणगुणल्या, आई लिहीत गेली. त्याचं नाव. त्याचं गाव. तिकडे थंडी आहे, गुडघे दुखतात. शेवटी निरोपाचे दोन ठिपके: टिट् टिट्.

टेप सर्रकन आपल्या डबीत गेली. "बाल्कनीत बसतंय का बघतो मशीन," नवरा पुटपुटला.

आईला हसावं की रडावं कळेना. तिनं ठकीचा खरकटा पापा घेतला.

"ते काका आपल्याला ओळखतात?"

"नाही गं."

"तरी आपल्यासाठी हळू झाले?"

"झाले की!"

ठकीनं वाटीतला शेवटचा घास सावकाश चमच्यावर घेतला.

"मग तू मला सारखं आटप आटप का म्हणतेस?"