सरांचं हृदय थांबवायचं कुणी?

झडप नवी बसली, टाके झकास पडले, आणि नेमकं तेव्हाच मोठ्या सरांच्या हृदयानं हट्ट धरला. धडधडायचं नावच घेईना. उकळी फुटायच्या आधी पाणी थरथरतं, तसं नुसतं थरथरत राहिलं.

पंपवाल्या ताई आपल्या यंत्रापाशी होत्या. ऑपरेशन चालू असताना रक्त फिरवायचं काम हे यंत्र करतं. ताईंचं हे नाव ठेवलं होतं सरांनीच. याच खोलीत लोकांची हृदयं दुरुस्त करण्यात सरांनी हयात घालवली, आणि आज स्वतःच टेबलावर होते. त्यांच्या जागी उभे होते त्यांचे लाडके चेले, धाकटे डॉक्टर.

त्यांनी शॉक दिला. थरथर तशीच. दुसरा दिला, तिसरा दिला. छे!

आता या खोलीची एक रीत होती, सरांनीच घालून दिलेली. तीन शॉकनी भागलं नाही तर चौथा द्यायचा नाही. पंपातून पोटॅशियम सोडायचं. त्यानं हृदय पार गप्प होतं. मग निमूट वाट बघायची. पोटॅशियमचा अंमल ओसरला, की बहुतेक वेळा ते आपणहून शहाण्यासारखं चालू लागतं. "दमलेल्याला बडवून उठवताय काय? झोपू द्या की घटकाभर!" असं सर डाफरायचे. आणि तिसऱ्या शॉकनंतर आठवण करायची ती ताईंनी.

ताईंची सिरिंज भरून तयार होती. पण तोंड उघडेल तर शपथ. आजवर कितीकांची हृदयं त्यांनी बेधडक थांबवली होती. पण हा माणूस त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात उशाशी बसून राहिला होता. त्याचं हृदय आपल्या हातानं थांबवायचं? आणि पुन्हा चाललंच नाही तर? डॉक्टर सांगतील तेव्हा देऊ, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. डॉक्टरही मनातून टरकलेले. ताई बोलत नाहीत म्हणजे अजून थोडं बघावं, असं ते धरून चालले. कसली ही माया, ऐन वेळी दोघांचीही वाचा बसली!

"अजून एक शॉक." मग आणखी एक. मग आणखी. प्रत्येक शॉक त्या थकलेल्या स्नायूला भाजून काढत होता, हे दोघांनाही पाठ होतं.

शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई खेकसल्या, "अहो, काय चाललंय काय तुमचं? पोटॅशियम द्या ना!"

ताईंनी दिलं. थरथर थांबली, पडद्यावरची रेघ सरळ झाली. बऱ्याच वेळानं एक ठोका पडला, मग दुसरा. धाकटे डॉक्टर चक्क हसले. पण त्या ठोक्यांत जीव नव्हता. पंप जरा कमी केला की हृदय मान टाकायचं. औषधं झाली, जंग जंग पछाडून झालं, दुपार कलली.

"बंद करा, ताई," डॉक्टर म्हणाले. ताईंनी पंप बंद केला, आणि तिथेच यंत्रावर डोकं टेकून त्या हमसून हमसून रडल्या.

बाहेर बाकावर सरांची बायको बसली होती. काकूंनी दोघांचे चेहरे पाहिले आणि काय ते ओळखलं. डॉक्टर त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी काही म्हणजे काही लपवलं नाही.

"परका असता ना काकू, तर तिसऱ्या शॉकनंतर मी थांबलो असतो. सरांच्या बाबतीत हात धजला नाही."

"आठवण करायचं काम माझं होतं," ताई म्हणाल्या. "मीही गप्प बसले. चुकलं आमचं, काकू."

काकू किती तरी वेळ डॉक्टरांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"ते म्हणत होते रे," त्या हळूच म्हणाल्या, "कुणीतरी अनोळखी डॉक्टर बघू, पोराच्या जिवाला घोर नको. मीच अडून बसले. म्हटलं, आपल्या माणसांशिवाय कुणाचा हात लागू देणार नाही."