ब्रेकचा नट

माणिकराव धाड गावचा जमीनदार. दीडशे एकर कापूस, आणि अंगात तेवढीच मस्ती. इंदूरकडच्या एका संस्थानिकाकडून त्यानं जुनी जर्मन स्पोर्ट्‌स कार उचलली. मद्रासला जुन्या गाड्यांची शर्यत होती. नियम असा, की इंजिन मूळचंच हवं, बाकी वजन काढायचं तेवढं काढा. या गाडीला कार्बोरेटर नव्हता. डिझेल ट्रकसारखा पंप होता, पेट्रोलची पिचकारी थेट इंजिनात मारणारा. म्हणून ती बुलढाण्याला माझ्या गॅरेजात आली. पंपाच्या कामात माझा, इंद्रभान मिस्त्रीचा, हात धरणारा मलकापूरपर्यंत कोणी नव्हता. महाराष्ट्र राज्य होऊन आठेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

मी बंपर काढले, काचा काढल्या, शेजारची सीट काढली. मग नोझल, म्हणजे पिचकारीचं तोंड, खोलली. नोझल तपासणीच्या हातपंपावर बसवायची, दांडा दाबायचा आणि फवारा हातभर लांबून तळहातावर घ्यायचा, ही आम्हा डिझेलवाल्यांची खोड. धार सरळ की फाटलेली, ते कातडीला कळतं. असं करू नका म्हणून पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पुस्तक वाचतो कोण?

"किती येळ लावून राह्यला बे?" माणिकराव म्हणाला. "इतक्या लांबून काय समजते तुले?"

"जवळून घेत नसतात, मालक."

तो हसला. त्यानं माझं मनगट धरलं, तळहात नोझलवर दाबला आणि दुसऱ्या हातानं दांडा खाली हाणला.

सुई टोचल्याएवढं भोक पडलं. रक्तसुद्धा आलं नाही. मी मूर्ख, तसाच कामाला लागलो. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला, बोटं काळी पडली. डॉक्टरनं तळहात चिरला तेव्हा आतून पेट्रोलचा वास आला. मांस शिजल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा उजवा हात मनगटापासून काढला.

माणिकराव दवाखान्यात आला तो पायताण न काढता. "गॅरेजची जागा माही हाय," म्हणाला. "गाडी झाली नाही, तं खाली करजो."

मग माझी बायको तानाबाई माझा उजवा हात झाली. मी सांगायचो, ती पाना फिरवायची. दोन महिन्यांत पक्की मिस्त्री झाली. शेवटच्या दिवशी तिनं मला न विचारता पुढच्या ब्रेकच्या नळीचा नट सैल केला.

"घाटात जाऊ द्या त्याले," ती म्हणाली.

ती भाकरी टाकायला घरी गेली आणि मी गाडीखाली शिरलो. पाना डाव्या हातात धरून नट पुन्हा आवळला. माझ्या हातची गाडी थांबलीच पाहिजे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर फाशीला भ्यालो होतो. तिला मात्र सांगितलं नाही. तिचं तोंड बघायची हिंमत नव्हती.

सकाळी माणिकराव आला. राजूर घाटात गाडी पळवून बघायची होती. तो मस्तवाल असला तरी खुळा नव्हता.

"तुह्या बायकोले बसव माह्या बाजूले," तो म्हणाला. "मंग समजते, तू काय करून ठेवलं ते."

शेजारी सीट नव्हती, नुसता पत्रा होता. तानाबाईनं पदर खोचला, पत्र्यावर पोतं टाकलं आणि बसली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. ती मरायला निघाली होती, त्याला घेऊन. नट आवळलाय, एवढं मी म्हणालो असतो तर तो कोणी सैल केला होता हे माणिकरावला कळलं असतं. गाडी गेली.

अर्ध्या तासानं परत आली. माणिकराव खाली उतरला आणि दारावर हात टेकून खूश होऊन बोलू लागला. "ब्रेक एक नंबर लावले बे. वळणावर जागच्या जागी उभी राह्यली."

तानाबाई उतरली. तिनं जॅकचा लोखंडी दांडा उचलला आणि दारावरच्या त्या हातावर घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो गुडघ्यावर आला, दाराच्या धारेवर लोंबणारा हात ओढू लागला, तर तिनं तिथंच दुसरा घाव घातला, मग तिसरा. बोटं पत्र्यावर चेचली. तो जनावरासारखा ओरडत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग ती माझ्याकडे वळली. "तुमी मले सांगतलं नाही," ती म्हणाली. "आख्खा घाट मी मरून राह्यली होती."

फौजदार आला. मी पुढं झालो. "मारलं म्या, साहेब."

त्यानं माझ्या थोट्या हाताकडे पाहिलं, चेपलेल्या पत्र्याकडे पाहिलं. "कोणत्या हातानं?"

मी डावा हात वर केला. तानाबाईनं तो धरून खाली केला आणि जीपमध्ये जाऊन बसली.