कॉम्प्युटरचा डबा मेला, मी नाही

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. जुने म्हणालो, भंगार नव्हे. हे दोन शब्द लोक एकाच दमात बोलतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझे अंग घडवले आणि चार सिलिंडर घासून आरशासारखे गुळगुळीत केले. माझ्याआधी त्याच साच्यातून माझे थोरले भाऊ निघाले होते. त्यांच्या डोक्यावर कार्बोरेटर असायचा. तो एक साधा धातूचा ठोकळा. त्यातून हवा आत जाते आणि जाता जाता लागेल तेवढे पेट्रोल ओढून घेते. माझ्या वेळेपर्यंत जमाना बदलला होता. मला पेट्रोलचे फवारे मारणारे इंजेक्टर मिळाले. फवारा कधी मारायचा आणि किती, हे ठरवायला एका चपट्या डब्यात बसवलेला कॉम्प्युटर मिळाला. थोरल्यांना थंडीत चोक ओढल्याशिवाय जाग येत नसे. मी मात्र किल्ली फिरवली की सुरू.

माझी गाडी गेली एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. चपलांच्या दुकानाशेजारी एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि दारात मी. ही शाळा एका बाईंनी एकटीच्या बळावर काढली होती. त्यांच्याकडे बहुतेक बायकाच शिकायला येत.

शिकाऊ पायांखाली राबणे म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचे नाही. कुणी क्लच असा सोडे की मी गचका खाऊन जागीच गप्प होई. कुणी पहिल्या गियरमध्येच मला बाजारभर किंचाळायला लावी. पण परीक्षा पास झालेली प्रत्येक जण निघताना माझ्या बॉनेटवर हात फिरवून जाई. तेवढ्यावर मी कितीतरी वर्षे काढली.

मग तो डबा बिघडू लागला. आधी तो मधूनच विसरायचा, मग हट्टाला पेटल्यासारखा अडून बसायचा. शेवटी एका चौकात, हिरवा दिवा लागल्यावर, त्याने फवारे बंद केले ते कायमचे. त्या दिवशी स्टिअरिंगवर बेकरीवाल्या काकू होत्या. मागून भोंग्यांचा नुसता कल्लोळ. काकूंना वाटले, चूक त्यांचीच. बाई म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही. उतरा, ढकलू या."

या काकूंची गोष्ट सांगायला हवी. काकांची नजर अधू झाली, गाडी चालवायचे बंद झाले आणि पाव पोचवणारी व्हॅन बेकरीमागे धूळ खात पडली. परगावी असलेला मुलगा फोनवर म्हणाला, "आई, या वयात कुठे गाडी शिकतेस? बेकरी विकून इकडे या." काकूंनी त्याला सांगितले, "ओव्हन आहे, हात आहेत, व्हॅनही आहे. फक्त पाय शिकायचे राहिलेत." दुसऱ्या एका शाळेने वय विचारून त्यांना परत पाठवले होते. बाईंनी वय विचारलेच नाही. आता त्यांची परीक्षा तोंडावर आली होती आणि मी बंद.

मला ओढत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेले. तिथल्या इस्त्रीच्या गणवेशातल्या मुलाने डब्याला यंत्र लावून पाहिले. "मॅडम, हा कॉम्प्युटर आता बनत नाही. कुठे मिळालाच तर गाडीपेक्षा महाग पडेल. हिची वेळ भरली." तो खोटे बोलत नव्हता. पण मेला होता डबा, आणि हा मुलगा वेळ माझी भरवत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाईंचा धाकटा भाऊ तर भंगारवाल्याला घेऊनच आला. भंगारवाल्याने बॉनेट उघडले, माझ्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "लोखंड चांगलं आहे." आजवर माझे कौतुक पुष्कळ झाले होते, पण वजनावर झालेले हे पहिलेच.

बाईंनी विचारले, "चांगलं आहे ना? मग विकायचं कशाला?"

"ताई, असं करून गाडी चालत नाही," भाऊ म्हणाला.

"नाही चालली तर तूच घेऊन जा. पण आधी मला बघू दे."

बाईंनी बोलावले फुंकर मिस्त्रीला. कुठलीही नळी जोडण्याआधी तो तिच्यात फुंकर मारायचा, म्हणून हे नाव. हाताला जेवढे तेल, तोंडाला तेवढीच बडबड. त्याने माझे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला आणि बाईंकडे वळला.

"बाई, हिची छाती शाबूत आहे. मेंदू तेवढा गेलाय. काढून टाकू. हिच्या थोरल्या भावांना कुठे मेंदू होता? कार्बोरेटर बसवू."

"तुम्ही आधी केलंय असं?"

"केलं नाही. पण ऐकलंय."

बाईंनी पदर खोचला. "चला. पान्हा मीही धरते."

नवे काही घ्यायची ऐपत नव्हती. दोघे गाड्यांच्या भंगार आवारात गेले आणि एका चेपलेल्या गाडीतला माझा थोरला भाऊ शोधून काढला. त्याचा कार्बोरेटर, त्याखालचा, सिलिंडरांपर्यंत हवा-पेट्रोल पोचवणारा मॅनिफोल्ड आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर असे सगळे खोलून आणले. काकूंनी पावाचे जुने ट्रे दिले, त्यांत सुटे भाग ओळीने मांडले. बाईंनी कार्बोरेटर रॉकेलमध्ये भिजवून त्याची बारीक भोके एकेक करून मोकळी केली. माझे इंजेक्टर निघाले, तारांचे जंजाळ निघाले, तो डबाही निघाला. मला वाईट वाटेल असे वाटले होते. खरे सांगतो, हलके वाटले.

पण पहिल्यांदा किल्ली फिरवली आणि घात झाला. टाकीतला पंप इंजेक्टरसाठी बनवलेला, त्याचा जोर दांडगा. कार्बोरेटर भरून वाहू लागला आणि पेट्रोल ठिणगीच्या तारांजवळ माझ्या अंगावर ठिबकले.

"किल्ली बंद करा," मिस्त्री ओरडला.

बाई खाली उतरल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "पेटली असती, मिस्त्री. यात उद्या माझ्याकडची माणसं बसणार आहेत."

मिस्त्री फडक्याने माझे अंग पुसत राहिला. दारातून भाऊ म्हणाला, "ताई, आता तरी ऐक." मी आतून ओरडत होतो, पण इंजिनाचे ओरडणे ऐकायला पेट्रोल लागते.

तो पुसत असताना बाईंचे लक्ष माझ्या कुशीकडे गेले. "मिस्त्री, हे दोन बोल्टचं झाकण कशाचं?"

मिस्त्रीने झाकण उघडले, आत टॉर्च मारला आणि खाली बसलाच. थोरल्या भावांचा पेट्रोलपंप तिथेच बसायचा. साचा एकच होता, म्हणून कारखान्याने माझ्यातली जागा बुजवली नव्हती, नुसती झाकली होती. पंपाला ढकलणारा उंचवटाही आत तसाच फिरत होता. इतकी वर्षे मी तो बिनकामाचा फिरवत होतो आणि मलाही पत्ता नव्हता. आवारातून थोरल्याचा तो मवाळ पंप आला आणि टाकीतला दांडगा पंप निघाला.

मी लगेच सुरू झालो असे नाही. खोकलो, थरथरलो, बंद पडलो. मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा शिरत होती. मिस्त्रीने कान लावून जागा हेरली आणि सांधा बंद करणारे नवे गॅस्केट कापून बसवले. मग बाईंनी चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि मी बोललो. आवाज पूर्वीपेक्षा घोगरा होता, पण माझा होता. मिस्त्री इतका खूश झाला की हातातल्या नळीत उगाचच फुंकर मारली.

धुराच्या तपासणीत मी पहिल्यांदा नापास झालो, कारण पेट्रोल जास्त पीत होतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा जेट बसवला आणि पास झालो. गाडीच्या कागदांवर बदलाची रीतसर नोंद झाली. लपूनछपून जगायला मी काही चोर नाही.

आणि काकूंच्या परीक्षेचा दिवस आला. चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता पुन्हा वर न्यायची होती. पूर्वी माझी धडधड मंदावली की डबा सावरून घ्यायचा. आता सावरायला कुणी नव्हते. होता फक्त काकूंचा पाय.

"चला," शेजारी बसलेले परीक्षक साहेब म्हणाले.

काकूंनी क्लच सोडला. मी कापू लागलो. गाडी बोटभर मागे सरली. त्यांनी घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला असता तर दोघांचाही निकाल तिथेच लागला असता. त्यांनी मान जराशी तिरकी करून माझा आवाज ऐकला, पाव फुगलाय का हे बघतात तितक्या शांतपणे, आणि पाय आणखी थोडा दाबला. मी होते नव्हते ते सगळे बळ लावले. आम्ही चढून गेलो.

साहेब लिहिता लिहिता म्हणाले, "गाडी बरीच जुनी दिसते."

"हो," काकू म्हणाल्या. "चढली की पण."

आता काकूंची व्हॅन रोज पहाटे गावभर पाव पोचवते आणि बाईंचा भाऊ स्वतःच्या बायकोला माझ्यावर शिकायला पाठवतो. मी काही नवा झालो नाही. पेट्रोल थोडे जास्त लागते, थंडीत चोक ओढावा लागतो, आणि माझा वास काहींना आवडत नाही. नसू दे आवडत.

मित्रांनो, एखादी वस्तू बंद पडली तर तिच्यातले नेमके काय बंद पडले ते आधी शोधा. एक भाग गेला म्हणून सगळ्यावर पाणी सोडू नका. माझ्यापुरते मागणे एवढेच की तेल वेळेवर बदला, पाणी बघा आणि हवेची जाळी साफ ठेवा. बाकीचे माझे मी बघून घेईन.